ड्रायब्रश (मिनिएचर रंगकाम)

ड्रायब्रश : टेबलावरच्या युद्धखेळांसाठी किंवा संग्रहासाठी बनवलेले छोटे पुतळे, म्हणजे मिनिएचर, रंगवण्याची एक पद्धत, तसेच त्या कामासाठी वापरायचा ब्रश. ब्रशवर रंग घ्यायचा, त्यातला बहुतेक पुसून काढायचा आणि उरलेल्या अंशमात्र रंगानिशी ब्रश पुतळ्यावरून हलक्या हाताने फिरवायचा. रंग उंचवट्यांवर बसतो, खाचांमध्ये खालचा गडद रंग तसाच राहतो. नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासली की नक्षी उमटते, तसाच हा प्रकार.

या खेळांतले पुतळे बहुधा २८ ते ३२ मिमी. मापाचे असतात. एवढ्याशा आकृतीवर खोलीतल्या उजेडाने पुरेशी सावली पडत नाही, त्यामुळे नुसते सपाट रंग भरलेला पुतळा हातभर अंतरावरून निर्जीव दिसतो. चिलखताच्या कड्या, लोकरीचे झुपके, दगडाच्या भेगा दिसायला हव्या असतील, तर उजेड आणि सावली रंगानेच दाखवावी लागते. ड्रायब्रश उजेडाची बाजू सांभाळतो. खाचांत उतरणारा पातळ गडद रंग, ज्याला वॉश म्हणतात, तो सावलीची बाजू सांभाळतो.

ही जोडी युद्धखेळांच्या आधीपासून रणगाडे आणि सैनिकांच्या प्रतिकृती बनवणाऱ्यांच्या हातात होती. बेल्जियमचे प्रतिकृतीकार फ्रांस्वा व्हर्लिंडेन यांच्या कामामुळे ती या छंदाच्या वर्तुळात फार लोकप्रिय झाली. त्या काळी ऑइल आणि इनॅमल रंग वापरात होते. ते सावकाश वाळतात, त्यामुळे ड्रायब्रशचा थर आपोआप मऊ उठे. पुढे ‘वॉरहॅमर’ (१९८३) आणि ‘वॉरहॅमर ४०,०००’ (१९८७) या ब्रिटिश खेळांमुळे एकेका खेळाडूला डझनावारी पुतळे रंगवायची वेळ आली, पाण्यात मिसळणारे अ‍ॅक्रिलिक रंग रूढ झाले आणि ड्रायब्रश ही झटपट फौज उभी करण्याची पद्धत बनली. अ‍ॅक्रिलिक मात्र पाहता पाहता वाळतो. ड्रायब्रशवर ‘खडूसारखा भुरकट दिसतो’ असा जो आक्षेप घेतात त्याचे मूळ इथे आहे: ब्रशच्या टोकाशी अर्धवट वाळलेले रंगाचे कण पुतळ्यावर भुकटीसारखे बसतात. पद्धतीला नवशिक्यांची म्हणून हिणवण्याआधी हे कारण लक्षात घ्यायला हवे, कारण त्यावर उपाय आहे आणि तो बराचसा ब्रशच्या निवडीत आहे.

ब्रश निवडताना केस, आकार आणि माप हे तिन्ही पाहावे. डुकराच्या केसांचा, ऑइल पेंटिंगसाठी विकला जाणारा चपटा ब्रश कडक असतो. तो दगड, माती, पुतळ्याखालचा बेस आणि गंजलेले लोखंड यांवर चांगला चालतो, पण कापडाच्या घड्यांवर रेघा ओढतो. बकरीच्या केसांचा किंवा मऊ कृत्रिम केसांचा, दाट आणि घुमटासारख्या गोल टोकाचा ब्रश रंग अगदी हळूहळू सोडतो. त्याला कोपरे नसल्याने रेघ उठत नाही. गेल्या काही वर्षांत ड्रायब्रशची प्रतिष्ठा वाढली ती या घुमटी ब्रशांमुळे. ब्रिटनच्या आर्टिस ओपससारख्या उत्पादकांनी ते खास मिनिएचरसाठी बाजारात आणले. त्याच घडणीचे मेकअपचे ब्रश बरेच स्वस्त मिळतात आणि बहुतेक कामाला पुरतात. घेताना केस तळहातावर दाबून पाहावेत: ते पसरून लगेच सरळ व्हायला हवेत आणि गळायला नकोत.

मापाबाबत नेहमी होणारी चूक म्हणजे फार लहान ब्रश घेणे. बारीक पुतळ्याला बारीक ब्रश हा तर्क रेघा काढण्याच्या कामी बरोबर असतो, इथे नाही. मोठ्या ब्रशात उरलेला रंग अनेक केसांवर विभागला जातो आणि प्रत्येक केस थोडाच रंग सोडतो, म्हणून छटा एकसारखी चढते. अख्ख्या पुतळ्यासाठी १२ ते १५ मिमी. रुंदीचा, अंगावरच्या एखाद्या भागासाठी ६ ते ८ मिमी. चा आणि चेहरा किंवा पट्ट्याच्या बकलासाठी एक लहान, एवढे तीन जवळ असले तर काम अडत नाही. चमकी असलेल्या धातुरंगांसाठी चौथा वेगळा ठेवावा. त्यातले चमकते कण केसांत अडकून राहतात आणि नंतर भलत्याच ठिकाणी, बहुधा झग्यावर किंवा चेहऱ्यावर, चमकू लागतात.

कोलिन्स्की सेबलचा, म्हणजे मुंगसासारख्या दिसणाऱ्या एका प्राण्याच्या शेपटीच्या केसांचा, महाग, टोकदार ब्रश या कामाला कधीही लावू नये. घासण्याने टोक फाटते, रंग दांड्याजवळच्या पत्र्यात शिरून वाळतो आणि ब्रश कायमचा पिंजारतो. भारतात आणखी एक गोष्ट बघून घ्यावी लागते. मुंगुसाच्या केसांचे ब्रश अजूनही चोरून विकले जातात. मुंगूस वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहे आणि असा ब्रश विकणे हा गुन्हा आहे. या केसांसाठी जनावर मारले जाते. विक्रेत्याने केस कशाचे ते स्पष्ट सांगितले नाही, तर तो ब्रश घेऊच नये. कृत्रिम केसांनी हे काम उत्तम होते.

वापरताना रंग घट्ट हवा. ‘वॉरहॅमर’च्याच कंपनीच्या सिटाडेल या रंगांच्या छापाने २०१२ मध्ये ‘ड्राय’ नावाची कमी ओल असलेल्या रंगांची मालिकाच काढली, पण डबीच्या झाकणात चिकटलेला जाडसर रंगही चालतो. ब्रशचे टोक रंगात टेकवून तो पॅलेटवर गोल फिरवत केसांत मुरवावा, मग जादाचा पुसावा. टिश्यू पेपरवर पुसण्याची सवय सर्रास दिसते. टिश्यू ओलही शोषून घेतो आणि मागे कोरडी भुकटी उरते. लाकडाची फळी किंवा गुळगुळीत पुठ्ठा बरा. त्याहून बरे म्हणजे रंग घेण्याआधी ब्रश ओलसर स्पंजाला अगदी निसटता टेकवणे. एवढ्या दमटपणाने रंग केसांतच वाळत नाही आणि भुरकटपणा जवळजवळ नाहीसा होतो. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात हवाच हे काम करते. विदर्भातल्या उन्हाळ्यात पंख्याखाली बसले तर स्पंज पुन्हा पुन्हा लागतो.

काळा प्रायमर, म्हणजे रंग धरून ठेवणारा पहिला थर, मारलेला एक सांगाड्याचा पुतळा घ्या. हाडाच्या रंगाचा ब्रश बरगड्यांवरून वरून खाली फिरवला, तर पहिल्या काही फेऱ्यांत काहीच घडल्यासारखे दिसत नाही. इथेच हात जोर देऊ लागतो आणि रंगाचा धब्बा बसतो. जोर न देता फिरवत राहिले, की आधी कवटीचा माथा उजळतो, मग भुवयांची कड, मग एकेक बरगडी. डोळ्यांच्या खोबणी आणि बरगड्यांमधली पोकळी काळीच राहते. दुसरा हात फिक्या रंगाचा, फक्त वरच्या बाजूंना. तिसरा जवळजवळ पांढरा, कवटी आणि खांद्याच्या टोकांपुरता. ब्रशची दिशा उंचवट्यांना आडवी हवी. घुमटी ब्रश मात्र छोट्या वर्तुळांत फिरवतात.

केसाळ कातडी, साखळीचे चिलखत, पिसे, साल, खडक यांवर या पद्धतीला तोड नाही. गुळगुळीत चिलखताच्या रुंद पत्र्यांवर ती अडखळते, कारण केसांना पकडायला कडाच नसतात. तिथे मऊ मोठा ब्रश आणि बराच संयम लागतो, किंवा सरळ दुसरी पद्धत.

सिटाडेलचे ‘कॉन्ट्रास्ट’ हे पारदर्शक रंग २०१९ मध्ये आले आणि ड्रायब्रशला नवे काम मिळाले. काळ्या प्रायमरवर आधी राखाडी, मग वरून पांढरा ड्रायब्रश करून त्यावर पारदर्शक रंगाचा एकेक हात द्यायचा. खालचा उजेड-सावलीचा खेळ रंगातून दिसत राहतो. ‘स्लॅपचॉप’ या नावाने हा प्रकार रूढ झाला आहे.

काम संपले की ब्रश कोमट पाणी आणि साबणाने तळापर्यंत धुवावा, पेल्यात उभा ठेवू नये, आडवा वाळू द्यावा. मधेच धुतलेला ओला ब्रश त्याच बैठकीत वापरला तर पुतळ्यावर डाग पडतात, म्हणून एकाच मापाचे दोन ब्रश असणे सोयीचे. पिंजारलेला जुना ब्रश बेसवरच्या वाळू-मातीसाठी राखून ठेवावा.