गर्भारपणातली साखर: पहिली तपासणी आणि राहून जाणारी दुसरी

विदर्भातल्या खेड्यांत दिवस गेल्याची बातमी बऱ्याच घरांत तिसरा महिना सरेपर्यंत बाहेर फुटत नाही. पुढे सातव्या महिन्यात ओटी भरली, की पहिलटकरीण माहेरी निघते. गरोदरपणातल्या मधुमेहाच्या दोन तपासण्या नेमक्या याच काळात येतात: एक नाव नोंदवतानाच, दुसरी २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान.

तपासणी अगदी साधी. उपाशीपोटी यावं लागत नाही. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात कालवून सिस्टर देतात, ते पाच-दहा मिनिटांत संपवायचं आणि दोन तास उपकेंद्रातच बसायचं. मग बोटाला सुई. आकडा १४० किंवा त्याहून जास्त आला, तर मधुमेह धरतात. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. कापूस वेचणीत मजुरी बुडवून हे दोन तास काढणं जड जातं, तरी ते काढायलाच हवेत.

कारण आईची साखर वारेतून बाळाला मिळते, तिचं इन्सुलिन मात्र पलीकडे जात नाही. बाळ तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून स्वतःचं इन्सुलिन तयार करू लागतं. साखर जास्त आली की तेही जास्त बनतं, आणि अंगावर चरबी चढते. असं बाळ बाळंतपणात खांद्याशी अडकू शकतं. नाळ कापल्यावर साखर थांबते, इन्सुलिन मात्र रक्तात तसंच असतं, म्हणून पहिल्या काही तासांत बाळाची साखर एकदम उतरते. चार किलोच्या गुटगुटीत बाळाचं घरभर कौतुक चालू असतं, तेव्हाच त्याच्या टाचेतून थेंबभर रक्त घेऊन पाहावं लागतं.

लवकर कळल्याने किती फरक पडतो? ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, स्वीडन आणि भारतातल्या जोखमीच्या ८०२ गर्भवतींचा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. सगळ्यांची साखर २० आठवड्यांच्या आतच वाढलेली होती. लगेच उपचार झालेल्यांत २४.९ टक्के बाळांना जन्मावेळी गुंतागुंत झाली, उपचार लांबलेल्यांत ३०.५ टक्के. फरक प्रचंड नाही, पण खरा आहे. त्याच अभ्यासात उपचार न मिळालेल्या सुमारे एकतृतीयांश जणींची साखर पुढच्या तपासणीत मधुमेहाच्या मर्यादेखाली आली. उलटही घडतं. वारेतली संप्रेरकं उत्तरार्धात वाढतात, इन्सुलिनचा जोर कमी पडतो, आणि आधी चांगला आलेला आकडा सहाव्या-सातव्या महिन्यात चढतो. म्हणून माहेरी जाताना माता-बाल कार्ड सोबत हवं, आणि दुसरी तपासणी कुठल्या गावी होणार हे आशाताईंशी आधीच बोलून ठेवायला हवं.

निदान झालं की लगेच गोळी सुरू होत नाही. आधी दोन आठवडे आहार: ज्वारीची भाकर, वरण, उसळ, पालेभाजी, थोडं थोडं पण वेळेवर. ‘दोन जिवांची आहेस, खा’ म्हणून समोर येणारा शिरा बाजूला सारायला सुनेला सासूबाईंचीच साथ लागते. एवढं करूनही जेवणानंतर दोन तासांनी साखर १२० च्या खाली आली नाही, तर औषध.

बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी आईची साखर पुन्हा तपासतात. बाळाच्या दीड महिन्याच्या लसी त्याच सुमारास असतात, त्यामुळे एकाच फेरीत दोन्ही कामं होतात.