कॉमिक म्हणजे आयता स्टोरीबोर्ड? छे!

कॉमिकवर पिक्चर काढायचा म्हणजे काय, चित्रं तयारच असतात, म्हणजे स्टोरीबोर्डच (शूटिंगआधी काढतात तो शॉट्सचा चित्रांतला आराखडा), तशीच्या तशी शूट केली की झालं, असं लोक वर्षानुवर्षं ठोकून देतात. तसं नसतं हो. 'वॉचमेन' हे कॉमिक घ्या, १९८६-८७ मध्ये १२ अंकांत आलेलं. त्याच्या पाचव्या अंकात पानांची मांडणी आरशासारखी आहे, पहिलं पान शेवटच्या पानाशी जुळतं, मधल्या जोडपानावर दोन्ही बाजू एकमेकांना भिडतात, आणि हे कळतं कधी तर तुम्ही पानं मागे उलटून बघता तेव्हा. थिएटरात बसून काय उलटणार? २००९ च्या पिक्चरमध्ये दिग्दर्शक झॅक स्नायडरने कित्येक फ्रेम हुबेहूब उचलल्या, दिसायला भारीच, पण वाचताना एकेका चौकटीवर आपण हवं तेवढं थांबतो ते गेलंच ना.

उलट 'अ हिस्टरी ऑफ व्हायोलन्स', २००५ चा पिक्चर. दिग्दर्शक डेव्हिड क्रोननबर्गने कॉमिकचा उत्तरार्ध जवळपास बदलूनच टाकला, आणि पिक्चर एक नंबर झालाय. तो कॉमिकवरून आलाय हे बऱ्याच जणांना माहीतही नसतं.