दोर फांदीला, की माणसाला? सोलापुरातल्या झाडछाटणीची पार्श्वभूमी

वळवाचा पहिला मोठा पाऊस झाला की सोलापुरात फांद्या मोडून पडू लागतात आणि मृगापर्यंत छाटणीवाल्यांना उसंत नसते. होटगी रस्ता असो की रेल्वे लाईन्सचा भाग, चित्र सारखंच दिसतं. चिंचेच्या बेचक्यात एक माणूस अनवाणी उभा असतो, एका हातानं वरची फांदी धरून दुसऱ्या हातानं कोयता चालवत असतो, आणि खाली दोघं दोर ओढायला तयार असतात. दोर असतो, पण तो फांदीला बांधलेला. चढलेला माणूस मोकळाच असतो. अलीकडे कोयत्याच्या जागी पेट्रोलवरची साखळी करवत आली, तरी दोर होता तिथंच राहिला. जगात इतरत्र आधी दोर माणसाच्या कमरेला आला आणि करवत पुष्कळ नंतर झाडावर चढली. आपल्याकडे हा क्रम उलटा झाला, आणि त्याची किंमत चढणारा माणूस मोजतो.

चढण्याची विद्या या भागाला नवी नाही. शहराभोवती शिंदीची झाडं होती आणि ती छेदून त्यांच्या रसाची शिंदी, म्हणजे ताडीसारखं मादक पेय, काढण्याचा धंदाही होता. सोलापूरच्या इतिहासात ही झाडं कायमची नोंदली गेली आहेत. ८ मे १९३० रोजी रूपाभवानी मंदिराच्या परिसरात लोक सत्याग्रह म्हणून शिंदीची झाडं तोडायला गेले, गोळीबार झाला, पुढं शहरात मार्शल लॉ पुकारला गेला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना त्या प्रकरणी १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली गेली. ती कथा सोलापूरकराला सांगायला नको. इथं मुद्दा त्या झाडांवर चढणाऱ्यांचा आहे.

शिंदी किंवा ताडावर चढणारा माणूस खोड आणि स्वतःची कंबर यांच्याभोवती दोराचं एक वेटोळं घेतो. मागं रेलला की दोर ताणला जातो आणि तळपाय खोडावर घट्ट बसतात. कंबर खोडाकडं नेली की दोर सैल पडतो, तेवढ्यात तो झटक्यानं वर सरकवायचा. तेलंगणातले ताडी काढणारे असेच चढतात. पद्धत साधी आहे आणि तिच्यात खरं शहाणपण आहे. पण ती चालते ती सरळसोट, बिनफांद्यांच्या खोडावर. कडुलिंबावर पहिली फांदी आडवी आली की वेटोळं सोडावं लागतं, म्हणजे नेमक्या अवघड जागी माणूस सुटा होतो. केरळात नारळासाठी निघालेल्या पायट्यांच्या लोखंडी यंत्राचीही हीच मर्यादा आहे. फांद्यांच्या झाडाला वेगळा विचार लागतो, आणि तो विचार आपल्याकडे कुणी पद्धतशीर केला नाही. दोर तर गावात वळले जात होते. अंबाडीचे, घायपाताच्या वाखाचे, मोटेचे नाडे आणि बैलांचे कासरे. ते बैलाची ओढ सोसायचे, पण आतून कुजलेला वाख बाहेरून ओळखू येत नाही. अशा दोरावर स्वतःला टांगून घ्यायला कुणी धजलं नाही, यात नवल नाही.

फांद्यांच्या झाडाचा हा विचार अमेरिकेत झाला. इंग्लंडहून तिकडं गेलेले माळी जॉन डेव्ही यांनी १९०१ मध्ये झाडांच्या उपचारांवर पुस्तक काढलं आणि १९०९ मध्ये ओहायोतल्या केंट गावी त्यांची कंपनी रीतसर उभी राहिली. शिड्या लावून मोठ्या झाडाच्या टोकापर्यंत पोचता येत नव्हतं. म्हणून डेव्हींच्या आणि इतरांच्या माणसांनी मनिला दोर वापरायला सुरुवात केली. हा दोर फिलिपिन्समधल्या अबाका नावाच्या, केळीच्या जातीच्या झाडाच्या धाग्याचा. तो वरच्या मजबूत बेचक्यावरून टाकायचा, एक टोक कमरेच्या पट्ट्याला बांधायचं, आणि खाली आलेल्या दुसऱ्या बाजूवर एक सरकती गाठ मारायची.

सगळी करामत या गाठीची आहे. चढणारा दोर खाली ओढतो आणि गाठ वर सरकवतो. दोन मीटर दोर ओढला की तो एक मीटर वर जातो, कारण त्याचं वजन दोराच्या दोन बाजूंत वाटलेलं असतं. ओढणं थांबवून तो नुसता बसला की गाठ आवळते आणि जागच्या जागी धरून ठेवते. गाठीच्या वरच्या वेढ्यांवर हातानं हलका दाब दिला की ती हळूहळू सुटते आणि माणूस खाली येतो. दोन्ही हात मोकळे राहतात. आडव्या फांदीवर टोकाकडं चालत जाता येतं, कारण तोल दोर सांभाळतो. सुरुवातीला टॉटलाइन नावाची गाठ चालायची. ती काम करता करता सैल होऊन सरकायची, म्हणून टोकाला आणखी एक गाठ मारून ठेवावी लागे. १९३१ मध्ये ऑस्ट्रियाचे गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांनी दिलेली गाठ डोंगरावरून झाडावर आली. १९९४ मध्ये जेसन ब्लेक यांनी आणखी भरवशाची गाठ झाडवाल्यांपुढं ठेवली. ऑस्ट्रियाच्याच हाइन्झ प्रोहास्का यांनी ती त्याआधी मांडली होती.

दोरही बदलला. नायलॉन १९३५ मध्ये आलं, पण ते ताणतं, आणि चढणाऱ्याला तो हिसका त्रास देतो. म्हणून पुढं पॉलिएस्टरचे विणलेले दोर रूढ झाले. आज अशा दोराची तुटण्याची ताकद किमान २४ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २४०० किलो, असावी असा अमेरिकी नियम आहे. आपल्या बाजारात मिळणारा निळा-पिवळा प्लॅस्टिकचा, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनचा, दोर यासाठी कधीच वापरू नये. पॉलिएस्टर सुमारे २५० अंशांना वितळतं, पॉलिप्रॉपिलीन १६० च्या आसपास, आणि मऊ तर त्याच्या कितीतरी आधी पडतं. भरभर उतरताना घासणारी गाठ दोर तापवते, आणि त्या तापानं तो चकचकीत होऊन निकामी होतो. दोर वीतभर वीतभर हातातून सरकवून पाहिला की असा भाग बोटांना कडक आणि गुळगुळीत लागतो.

नियम मात्र माणसं गेल्यावर आले. १९६८ मध्ये एका आईनं, छाटणीच्या कामात मुलगा गेल्यावर, अमेरिकेच्या मानक संस्थेकडं अर्ज केला. त्यातून समिती नेमली गेली आणि १९७२ मध्ये झाडकामाच्या सुरक्षेचं पहिलं मानक निघालं. आपोआप कुलूपबंद होणारी कडी, हेल्मेट, आणि झाडावर साखळी करवत चालवताना मुख्य दोराशिवाय कमरेला दुसरा आधार, हे सगळं आज तिथं नियम म्हणून पाळलं जातं. दुसऱ्या आधाराचं कारण उघड आहे. करवत एका क्षणात दोर कापू शकते. १९७६ पासून चढण्याच्या स्पर्धाही भरतात, आणि जखमी सहकाऱ्याला झाडावरून खाली आणणं हा त्यांतला एक प्रकार आहे. अलीकडे एकाच बाजूच्या स्थिर दोरावर पायाच्या पकडीनं चढायची पद्धत आणि गाठीऐवजी धातूची साधनं आली. उंच झाडावर त्यांनी श्रम खूप वाचतात, पण पाया गाठीचाच आहे.

दोराचा संबंध माणसाच्या जिवाइतकाच झाडाच्या जिवाशीही आहे. जुने वृक्षवैद्य ढोलीत सिमेंट भरायचे आणि फांदी खोडाला लागून साफ कापायचे. अमेरिकी वनखात्यातले अ‍ॅलेक्स शिगो यांनी हजारो खोडं उभी चिरून पाहिली आणि १९७७ मध्ये मांडलं की झाड जखम भरून काढत नाही, ते तिच्याभोवती भिंती घालून तिला कोंडतं. ही ताकद फांदीच्या मुळाशी असलेल्या फुगीर कड्यात असते. ते कडं राखायचं तर काप तीन घ्यावे लागतात. आधी खोडापासून हातभर अंतरावर खालून, मग थोडं पुढं वरून, आणि उरलेलं खुंट शेवटी कड्याच्या बाहेरून. असं केलं की साल खोडापर्यंत सोलत जात नाही. हे बेचक्यात उभं राहून, एका हातानं जीव सांभाळत होत नाही. बसता आलं पाहिजे, टोकाकडं जाता आलं पाहिजे. सोलापुरात अर्धी झाडं खांबासारखी बोडकी दिसतात, त्याचं एक मोठं कारण हेच आहे असं मला वाटतं. सुरक्षित हात जिथवर पोचतो, तिथंच कुऱ्हाड चालते. कमी पावसाच्या गावात जुन्या कडुलिंबाची सावली पुन्हा उभी करायला दोन पिढ्या जातात.

महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांचा कायदा १९७५ पासून आहे. झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणं त्याच्या लेखी तोडण्यातच येतं. २०२१ च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षं आणि त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला. परवानगी कुणाची घ्यायची हे सगळ्यांना ठाऊक आहे. वर चढणार कोण आणि कशाच्या आधारानं, हा प्रश्न मात्र परवानगी हातात पडल्यावर ठेकेदाराच्या मुकादमावर सोपवला जातो.

सुधारणा सुरू करायची तर खिळ्यांचे बूट आधी बाजूला ठेवावेत. ते पाडायच्या झाडासाठी असतात, जगवायच्या झाडाला प्रत्येक पावलागणिक भोक पाडतात. त्यानंतर हेल्मेट, बसता येईल असा पट्टा, पॉलिएस्टरचा दोर आणि दुसरा आधार म्हणून कमरेचा आखूड दोर घ्यावा. करवत सगळ्यात शेवटी. आणि खाली उभ्या माणसांपैकी एकाला तरी चढता आलं पाहिजे, त्याच्यासाठी वेगळा दोर तयार असला पाहिजे. पट्ट्यात बेशुद्ध लटकलेल्या माणसाला काही मिनिटांत खाली घ्यावं लागतं, आणि वाड्याच्या परसात अग्निशमनाची शिडी शिरत नाही. छाटणीचा दर आज झाडामागं किंवा टेंपोमागं ठरतो. त्या दरात दुसऱ्या चढणाऱ्याची मजुरी आणि दुसऱ्या दोराची किंमत धरावी लागेल.