दोघांच्या नावावरचा दुबईचा फ्लॅट

दुबईत नवरा-बायकोने मिळून फ्लॅट घेतला, मालकीपत्रावर दोघांची नावं लागली, की घरचे निर्धास्त होतात. बँकेच्या पासबुकावर ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ वाचून झालेली ही सवय. एक गेला तर दुसऱ्याचं, यात विचारायचं काय? दुबईच्या मालमत्ता नोंदणीत मात्र मागे राहणाऱ्याला सगळं आपोआप मिळण्याची सोय नाही. दोन नावं म्हणजे दोन हिस्से, आणि गेलेल्याचा हिस्सा त्याच्या वारसांचा. (आपल्याकडेही सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवरच्या दुसऱ्या नावाने मालकी ठरत नाही, पण तो वेगळा विषय.)

जुन्या काळी हा प्रश्नच नव्हता. १९६६ पर्यंत दुबईत रुपया चालत होता आणि भारतीय व्यापाऱ्यांच्या पेढ्याही होत्या, पण परक्याला जमिनीची मालकी नव्हती. मागे राहायचा तो माल, उधारी आणि रोकड. २००२ मध्ये ठरावीक भागांत परदेशींना कायम मालकीने घरं घेऊ देण्याचा निर्णय झाला आणि २००६ च्या नोंदणी कायद्याने त्याला पाया मिळाला. म्हणजे विक्री आधी सुरू झाली, कायदा मागून आला. वारसाहक्काचं उत्तर तर त्या कायद्यातही नव्हतं. ते वीस वर्षं जुन्या दिवाणी संहितेत शोधावं लागे.

खरा गुंता तिथेच होता. १९८५ ची ती संहिता म्हणत होती की वारसाहक्क मृताच्या नागरिकत्वाच्या कायद्याने ठरेल. भारतीय माणूस गेला तर भारतीय कायदा. वाचताना सोपं वाटतं. पण त्याच कलमात पुढे असंही होतं, की परदेशी माणसाने देशातल्या स्थावराबद्दल मृत्युपत्र केलं तर त्याला स्थानिक कायदा लागेल. मृत्युपत्र न करता गेलात तर मायदेशचा कायदा, करून गेलात तर दुबईतला, असा उलटा अर्थ त्यातून निघे. शिवाय शरियतशी किंवा सार्वजनिक व्यवस्थेशी विसंगत असेल तर परका कायदा बाजूला ठेवण्याची मुभा होतीच. २००५ च्या कौटुंबिक कायद्याने परदेशींना आपल्या देशाचा कायदा मागण्याचा हक्क दिला. पण तो मागावा लागे, आणि मागायचा म्हणजे अरबी भाषांतरासह कोर्टात सिद्ध करायचा.

बरं, ‘भारतीय कायदा’ म्हणजे कोणता? या दोन शब्दांवर जितका गोंधळ झाला तितका बाकी कशावरही झाला नसेल. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर १९५६ च्या कायद्याने बायको, मुलगे, मुली आणि आई यांना सारखे हिस्से. वडील त्या पहिल्या रांगेत नाहीत. हिंदू बाई गेली तर रांगच वेगळी: आधी नवरा आणि मुलं, ती नसतील तर स्वतः मिळवलेल्या मालमत्तेतही नवऱ्याचे वारस आधी आणि माहेरचे नंतर. दुबईत नोकरी करून स्वतःच्या पगारातून हप्ते भरणाऱ्या बाईला हे सांगितलं तर ती हसेल, किंवा हसणार नाही. ख्रिस्ती कुटुंबाला १९२५ चा वारसा कायदा: मुलं असतील तर जोडीदाराला एक तृतीयांश. आणि जोडपं गोव्याचं असेल तर पोर्तुगीज परंपरेतली दिवाणी संहिता: लग्नाआधी वेगळा करार नसेल तर संपत्ती मुळातच दोघांची निम्मी-निम्मी, आणि मुलं असतील तर आपल्या वाट्यातला अर्धा भाग मृत्युपत्रानेही त्यांच्याकडून काढून घेता येत नाही. पासपोर्ट एकच, आणि त्यावर यातलं काहीच लिहिलेलं नसतं.

त्यावर आणखी एक गाठ. भारतीय कायद्याची जुनी धारणा अशी की स्थावराचा वारसा जमीन जिथे आहे तिथल्या कायद्याने. दुबईचं कोर्ट भारताकडे बोट दाखवणार आणि भारतीय कायदा परत दुबईकडे. विटी मधल्या मध्ये.

या अनिश्चिततेची भीती बाजारात बरीच पसरवली गेली. ‘तुमच्या बायकोला फक्त आठवा हिस्सा मिळेल’ हे वाक्य वकिलांच्या जाहिरातींत नेहमीचं होतं. शरियतच्या वाटणीत मुलं असलेल्या विधवेला आठवा हिस्सा मिळतो हे खरं, पण तोच प्रत्येक भारतीय विधवेच्या नशिबी होता असं म्हणणं वाढवून सांगणं आहे. उत्तर आधी कळत नसे, ही खरी अडचण. २०१५ मध्ये दुबईच्या आर्थिक केंद्रातल्या इंग्रजी धाटणीच्या न्यायव्यवस्थेत मुस्लिमेतरांसाठी मृत्युपत्र नोंदणी सुरू झाली ती त्यावर तोडगा म्हणून. २०१७ मध्ये दुबईने मुस्लिमेतरांच्या मालमत्तेसाठी वेगळा कायदाही केला. रत्नागिरी-रायगडहून गेलेल्या मुस्लिम कुटुंबांना यातलं काही लागू नव्हतं. त्यांची वाटणी इथे आणि तिथे जवळपास त्याच तत्त्वांवर चालत आली आहे.

मोठा बदल अमिरातीच्या, मुस्लिमेतरांसाठीच्या २०२२ च्या संघीय कायद्याने झाला. तो १ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर निम्मं जोडीदाराला, निम्मं मुलांना, मुलगा-मुलगी सारखे. त्याचं स्वागत झालं, आणि जोडप्यांच्या बाजूने पाहिलं तर ते योग्यच. पण त्यात एक व्यक्ती गळली. नवरा गेला, मागे बायको, दोन मुलं आणि सांगलीला आई. त्याच्या हिश्शात शरियतच्या वाटणीने आईला सहावा भाग मिळाला असता, हिंदू कायद्याने चौथा. नव्या कायद्याने तिला काहीच नाही, कारण मुलं असताना आई-वडिलांची पाळी येत नाही. ज्याला सगळे आधुनिक म्हणतात तो कायदा आईच्या बाबतीत त्या दोन्ही जुन्या कायद्यांपेक्षा कठोर निघाला. आता या घरात ‘न्याय’ कोणाच्या बाजूला, हे सुनेला विचारायचं की सासूला?

कायद्याने एक दार उघडं ठेवलंय. नोंदवलेलं मृत्युपत्र नसेल तर कोणताही वारस मृताच्या देशाचा कायदा मागू शकतो. म्हणजे सांगलीच्या आईने मागितलं तर निम्म्याचं गणित मोडून पुन्हा चार सारखे भाग. शिवाय कायद्याचे शब्द ‘देशात राहणाऱ्या’ परदेशींबद्दल आहेत. पुण्यात राहून दुबईत गुंतवणूक म्हणून घेतलेल्या फ्लॅटला तो सरसकट लागतो असं समजून चालणं धाडसाचं.

पुण्याच्या जोडप्यांची नावं मालकीपत्रावर येतात त्यामागे प्रेमापेक्षा पैशाची मर्यादा जास्त असते. २००४ पासून भारतातून परदेशी पैसा पाठवण्याची उदार योजना आहे; तिची मर्यादा माणशी, आर्थिक वर्षाला २,५०,००० डॉलर. २०१३ मध्ये रुपया घसरला तेव्हा मर्यादा ७५,००० वर आणली गेली आणि या पैशातून घर घेण्यावर बंदी आली. ती पुढच्या वर्षी उठली. एकाच्या मर्यादेत फ्लॅट बसत नाही म्हणून बायकोची मर्यादा जोडायची, आणि ज्याचे पैसे त्याचं नाव लागलंच पाहिजे. मग कुणी मुलाचं नाव घालतं, कुणी आईचं. प्रत्येक नावामागे एक वेगळी वारसांची यादी तयार होते, हे हप्ता भरताना कोणाच्या डोक्यात नसतं.

परदेशात राहणाऱ्याकडून वारशाने आलेलं तिथलं घर भारतात राहणाऱ्याला ठेवता येतं. परकीय चलन कायद्यात ती मुभा २००० पासून आहे. म्हणजे आईचा हिस्सा ठरला तर तो ठेवायला आडकाठी नाही. तो ठरण्याआधी दुबईचं कोर्ट विचारतं: वारस कोण, त्याचा कागद दाखवा. मृत्युपत्र नसेल तर महाराष्ट्रात हा कागद दिवाणी न्यायालयाकडून मिळतो, मुंबई इलाख्यासाठी कंपनी सरकारने केलेल्या १८२७ च्या आठव्या विनियमाखाली. मग त्यावर शिक्क्यांमागून शिक्के, अरबी भाषांतर, आणि एवढं करून तो समुद्रावर उभ्या राहिलेल्या काचेच्या टॉवरमधल्या दोन बेडरूमच्या फ्लॅटसाठी दाखल होतो.