सेल्टिक्स–लेकर्स अंतिम मालिका

सेल्टिक्स–लेकर्स अंतिम मालिका : अमेरिकेतील नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन (एनबीए) या व्यावसायिक लीगच्या अजिंक्यपदासाठी बोस्टन सेल्टिक्स आणि लेकर्स या संघांत झालेल्या मालिका. १९५९ ते २०१० या काळात हे दोन संघ अंतिम फेरीत १२ वेळा समोरासमोर आले. त्यांपैकी ९ मालिका सेल्टिक्सने जिंकल्या, ३ लेकर्सने. लीगच्या इतिहासात दुसऱ्या कोणत्याही दोन संघांची अंतिम फेरीत इतक्या वेळा गाठ पडलेली नाही.

मालिका म्हणजे काय, हे कोकणातल्या वाचकाला कबड्डीच्या आधाराने चटकन उमगेल. भातकापणी उरकली की मोकळ्या झालेल्या मळ्यात मैदान आखून प्रकाशझोतातील सामने भरतात. पद्धत बहुधा बाद फेरीची. अंतिम सामना एकच, आणि त्यातल्या शेवटच्या चढाईत पाय निसटला तर चषक शेजारच्या वाडीत जातो. परतफेडीला पुढचा हंगाम उजाडावा लागतो. एनबीएत अंतिम फेरीचा निकाल एका सामन्यावर लागत नाही. सातपैकी चार सामने जो आधी जिंकेल तो विजेता. एखाद्या रात्री नशिबाने दगा दिला तरी दोन दिवसांनी पुन्हा उभे राहता येते. मात्र लपवून ठेवण्यासारखेही काही उरत नाही. समोरचा कोणत्या खांद्यावरून वळतो, दमला की कुठे उभा राहतो, कोणाने डिवचले की चिडतो, हे तिसऱ्या सामन्यापर्यंत दोन्ही बाजूंना पाठ झालेले असते. मालिकेचा खरा खेळ तिथून पुढे सुरू होतो, आणि वैरही तिथेच मुरते.

खेळाचे गणित थोडक्यात असे. १२ मिनिटांची चार सत्रे, दोन्हीकडे पाच-पाच खेळाडू, जमिनीपासून १० फुटांवर लोखंडी कडे. कबड्डीत चढाईला ३० सेकंद मिळतात, तसे इथे चेंडू हाती आल्यापासून २४ सेकंदांत कड्याकडे फेक करावीच लागते. हा नियम १९५४ मध्ये आला. मालिकेतील पहिले दोन सामने हंगामात सरस ठरलेल्या संघाच्या घरी, पुढचे दोन प्रतिस्पर्ध्याच्या घरी आणि उरलेले गरजेप्रमाणे आलटून-पालटून होतात. १९८५ ते २०१३ या काळात प्रवास वाचावा म्हणून मधले तीन सामने सलग एकाच गावी होत. बोस्टन अटलांटिकच्या काठावर, लेकर्सचे लॉस एंजेलिस पॅसिफिकच्या; दोन्ही शहरांच्या घड्याळांत तीन तासांचे अंतर. तेव्हा ही काळजी अनाठायी नव्हती.

सेल्टिक्स १९४६ चा, म्हणजे लीगच्या स्थापनेपासूनचा संघ. नाव आणि हिरवा रंग बोस्टनमधल्या आयरिश वस्तीची आठवण देतात. बोस्टन हे जुने बंदर, कॉड माशावर वाढलेले. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या प्रतिनिधिगृहात आजही लाकडात कोरलेला कॉड टांगलेला आहे. दर्यावर पोट असलेल्या कोकणी माणसाला ते शहर परके वाटायला नको. लेकर्सची कथा वेगळी. हा संघ मूळचा मिनेसोटातील मिनिॲपोलिसचा. ते राज्य तळ्यांसाठी प्रसिद्ध, म्हणून नाव लेकर्स. मराठीत सांगायचे तर तळेकर. जॉर्ज मायकन या उंचपुऱ्या खेळाडूच्या बळावर मिनिॲपोलिसमध्ये असतानाच त्यांनी पाच अजिंक्यपदे मिळवली. १९६० मध्ये संघ लॉस एंजेलिसला गेला, त्या कोरड्या मुलखात. नाव मात्र बदलले नाही. चिपळूणकर तीन पिढ्या गिरगावात राहिला तरी चिपळूणकरच राहतो, तसेच हे.

१९५९ ते १९६९ या अकरा वर्षांत दोन्ही संघ सात वेळा भिडले आणि सातही वेळा सेल्टिक्स जिंकले. या वर्चस्वामागे प्रशिक्षक रेड आवरबॅक आणि मधल्या जागेवर खेळणारा बिल रसेल होते. रसेल हा मुळात पकडीचा माणूस. गावच्या मैदानावर टाळ्या चढाईपटूला पडतात आणि सामना पुष्कळदा कोपरारक्षक जिंकून देतो. रसेलचे मोल तसे होते. प्रतिस्पर्ध्याची फेक अडवताना इतर खेळाडू चेंडू प्रेक्षकांत भिरकावत. रसेल तो हलकेच मैदानातच ठेवी, म्हणजे तो आपल्याच गड्याच्या हाती लागे. १३ हंगामांत ११ अजिंक्यपदे ही त्याची कमाई. १९६६ मध्ये तो एनबीएचा पहिला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक झाला आणि खेळता खेळताच संघ चालवू लागला. ज्या बोस्टनला त्याने एवढे यश दिले, त्याच बोस्टनच्या उपनगरात त्याच्या घरात घुसून नासधूस करण्यात आली होती. या मालिकांची कोणतीही नोंद ही गोष्ट वगळून पुरी होत नाही.

१९६२ ची मालिका सातव्या सामन्यापर्यंत गेली. पाचव्या सामन्यात लेकर्सच्या एल्जिन बेलरने ६१ गुण मिळवले. अंतिम फेरीतील एका सामन्यातला तो विक्रम अजून कायम आहे. सातव्या सामन्यात बरोबरी असताना अखेरच्या क्षणी लेकर्सच्या फ्रँक सेल्वीची फेक कड्याला लागून बाहेर आली आणि जादा वेळेत सेल्टिक्सने ११०–१०७ अशी बाजी मारली.

सगळ्यांत जिव्हारी लागणारी मालिका १९६९ ची. लेकर्सकडे जेरी वेस्ट, बेलर आणि नव्याने आलेला महाकाय विल्ट चेंबरलेन. सेल्टिक्सचा संघ वय झालेला, रसेलचा हा शेवटचा हंगाम. पहिले सहाही सामने ज्याच्या घरी झाले त्यानेच जिंकले. सातवा ५ मे रोजी लेकर्सच्या घरी होता. विजय गृहीत धरून मालकांनी छताला हजारो फुगे बांधून ठेवले होते आणि जल्लोषाचा कार्यक्रमही आखला होता. रसेलला त्याची बातमी लागली. सामन्याच्या शेवटच्या टप्प्यात चेंबरलेन गुडघा दुखावून बाहेर बसला आणि प्रशिक्षकाने त्याला परत आत घेतले नाही. सेल्टिक्सच्या डॉन नेल्सनची एक फेक कड्याच्या मागच्या कडेवर आदळून उंच उडाली आणि सरळ आत पडली. निकाल १०८–१०६. वेस्टने त्या दिवशी ४२ गुण मिळवले होते. मालिकेतील सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार त्याच वर्षी सुरू झाला आणि तो वेस्टला मिळाला. पराभूत संघातील खेळाडूला तो मिळण्याची ती पहिली आणि आजवरची एकमेव वेळ. वेस्ट सेल्टिक्सकडून अंतिम फेरीत सहा वेळा हरला. रसेलच्या अंगठ्यांचा, म्हणजे अजिंक्यपदाबद्दल मिळणाऱ्या अंगठ्यांचा, हिशेब सगळे सांगतात. या मालिकांचा भार खऱ्या अर्थाने कोणी वाहिला असेल तर तो वेस्टने, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पुढची गाठ पडायला १५ वर्षे गेली. १९७९ च्या महाविद्यालयीन अंतिम सामन्यात मॅजिक जॉन्सन आणि लॅरी बर्ड एकमेकांविरुद्ध खेळले होते. त्यानंतर जॉन्सन लेकर्सकडे गेला, बर्ड सेल्टिक्सकडे. १९८४ मध्ये दोघे अजिंक्यपदासाठी समोर आले. दुसऱ्या सामन्यात हातातोंडाशी आलेला विजय लेकर्सने एका चुकलेल्या पासने घालवला. चौथ्यात कड्याकडे झेपावणाऱ्या लेकर्सच्या कर्ट रॅम्बिसला सेल्टिक्सच्या केविन मॅकहेलने गळ्याला हात घालून आपटले आणि मालिकेचा सूर बदलला. पाचवा सामना जुन्या बोस्टन गार्डनमध्ये झाला. तिथे वातानुकूलन नव्हते. आत पारा ३६ अंशांपर्यंत चढला. मे महिन्यात पत्र्याच्या सभागृहात बसलेल्यालाच तो उकाडा कळेल. लेकर्सच्या ३७ वर्षांच्या करीम अब्दुल-जब्बारला बाकावर प्राणवायू घ्यावा लागला. बर्डने त्याच उकाड्यात ३४ गुण केले. गार्डनची जमीनही वेगळीच होती. युद्धोत्तर टंचाईत ओकचे लहान तुकडे जोडून ती केलेली, आणि चेंडू कुठे कमी उसळतो हे यजमानांनाच ठाऊक, अशी पाहुण्यांची तक्रार असे. सातवा सामना १११–१०२ असा जिंकून सेल्टिक्सने आठवी मालिकाही खिशात घातली.

१९८५ मध्ये पहिल्याच सामन्यात लेकर्स १४८–११४ असे धुऊन निघाले. अब्दुल-जब्बारला अवघे १२ गुण मिळाले; तो संपला, असे लोक म्हणू लागले. दुसऱ्या सामन्यात त्याने ३० गुण केले आणि १७ वेळा चुकलेल्या फेकीचा उसळता चेंडू पकडला. ९ जूनला बोस्टन गार्डनमध्येच १११–१०० असा विजय मिळवून लेकर्सने आठ पराभवांनंतरची पहिली मालिका जिंकली. सर्वोत्तम खेळाडू ठरला अब्दुल-जब्बार. १९८७ मध्ये चौथ्या सामन्यात अखेरच्या क्षणी जॉन्सनने अब्दुल-जब्बारच्याच धाटणीने डोक्यावरून चेंडू टाकून १०७–१०६ असा सामना काढला आणि लेकर्सने पुन्हा बाजी मारली.

२००८ ची मालिका सेल्टिक्सने सहाव्या सामन्यात १३१–९२ अशी एकतर्फी संपवली. २०१० ची सातव्यापर्यंत गेली. सेल्टिक्सचा केंड्रिक पर्किन्स सहाव्या सामन्यात जायबंदी झाला होता. सातव्यात लेकर्सच्या कोबी ब्रायंटच्या २४ पैकी फक्त ६ फेकी पडल्या, तरी चेंडूवर तुटून पडत लेकर्सने ८३–७९ असा निसटता विजय मिळवला.

हल्ली अंतिम मालिका जूनमध्ये होते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रात्री साडेआठला सुरू होणारा सामना भारतात दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला दिसतो. कोकणात हा मृगाचा काळ. १ जूनपासून यांत्रिक मासेमारी बंद, होड्या वर ओढून झाकलेल्या, तरव्याची पेरणी चाललेली, आणि पहिल्या वादळी सरीबरोबर वीज जायचीच. मालवणात किंवा हर्णैला बसून सातवा सामना पाहायचा तर आदल्या रात्री मोबाइल पूर्ण चार्ज करून ठेवावा.

२०१० नंतर हे दोन संघ अंतिम फेरीत समोरासमोर आलेले नाहीत. लेकर्सने २०२० मध्ये १७ वे अजिंक्यपद मिळवले. सेल्टिक्सने २०२४ मध्ये १८ वे.