निरंक आणि कोरा रकाना

साप्ताहिक रोगसर्वेक्षणाच्या अहवालात एखाद्या आजाराचा रुग्ण आढळला नाही, तर तिथे 'निरंक' लिहितात. सरकारी शब्द म्हणून आपण त्याला हसतो, पण त्यात मोठी माहिती आहे: कुणीतरी पाहिले आणि रुग्ण सापडला नाही. कोऱ्या रकान्यातून तेवढेही कळत नाही. पाहिले नाही, पाहून लिहिले नाही की कागदच वाटेत राहिला? पोलिओच्या मोहिमेत अचानक लुळेपणा आलेले एकही मूल आढळले नाही, तरी शून्याचा अहवाल दर आठवड्याला पाठवावाच लागे, तो यासाठीच.

हा फरक पुसला की काय होते, ते 'पिमा'च्या प्रसिद्ध डेटात दिसते. अमेरिकेतल्या ॲरिझोनातील पिमा आदिवासी समाजाच्या ७६८ स्त्रियांच्या या नोंदी. मधुमेहाचे भाकीत शिकायला जगभरचे विद्यार्थी त्याच वापरतात. त्यात ३५ जणींचा रक्तदाब शून्य आहे! जिवंत बाईचा? मोजलेला नव्हता, म्हणून शून्य. इन्सुलिनच्या रकान्यात असे शून्य ३७४. त्यांच्यासकट सरासरी काढली तर सुमारे ८० येते, ते वगळले तर सुमारे १५६. गंमत म्हणजे त्याच तक्त्यात १११ जणींच्या गरोदरपणांची संख्याही शून्य आहे आणि ते शून्य मात्र शंभर टक्के शक्य आहे. संगणकाला दोन्ही सारखेच. शंका घ्यायची ती माणसानेच.

चुकीची नोंद ही तिसरीच गोष्ट. रजिस्टरमध्ये ओळीने सगळ्यांचे बीपी १२०/८० दिसले, तर रकाना भरलेला आहे, आकडा शक्य कोटीतला आहे, फक्त यंत्र बहुधा पिशवीतून बाहेर आलेले नाही. कोरे रकाने निदान मोजता तरी येतात. हा आकडा चाळणीतून बिनबोभाट खाली उतरतो. माझ्या मते तो कोऱ्यापेक्षा वाईट. आणि 'शंभर टक्के रकाने भरा' असा तगादा वरून लागला, की कोऱ्याचे चुकीचे व्हायला वेळ लागत नाही.

दोघांवरचे उपायही वेगळे. चुकीचा आकडा केसपेपर काढून ताडून पाहता येतो. गहाळ आकड्याच्या जागी सरासरी टाकण्याची सवय सर्रास आहे, पण तो गहाळ का, हे आधी विचारायला हवे. डॉक्टर एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) बहुधा ज्याच्या साखरेची शंका येते त्यालाच सांगतात. मग ज्यांचे आकडे आहेत तेच जास्त आजारी. त्यांची सरासरी बाकीच्यांना चिकटवली, तर धडधाकट माणसेही कागदावर मधुमेही होतात.

म्हणून फॉर्म करतानाच 'निरंक', 'तपासले नाही' आणि 'लागू नाही' असे तीन पर्याय वेगळे द्यावेत. तिसरा विसरला, तर बाळंतपणांच्या रकान्यात पुरुषांपुढेही शून्य पडते.