मंगोलियासाठीची ख्रिस्ती प्रार्थना : पार्श्वभूमी

मंगोल राजघराण्यात ख्रिस्ती प्रार्थना तेराव्या शतकातही होत असे. केरेईत टोळीतल्या पौर्वात्य परंपरेच्या ख्रिस्ती मुली खानांच्या घरी सुना म्हणून आल्या होत्या. चीनवरची मंगोलांची युआन सत्ता गेली आणि ती परंपरा खंडित झाली. आजच्या प्रार्थनेचा आरंभ मात्र 1990 मध्ये साम्यवादी एकपक्षीय राजवट संपली त्या सत्तांतरापासूनच धरावा लागतो. त्याआधी देशात एकही उघड मंडळी (स्थानिक चर्च) नव्हती, त्यामुळे मंगोलियासाठीची मध्यस्थी, म्हणजे इतरांसाठी केलेली प्रार्थना, बाहेरचे विश्वासणारेच करत.

मंगोल माणूस स्वतः प्रार्थनेला बसला, तेव्हा देवाला कोणत्या नावाने हाक मारायची हा वाद उभा राहिला. 1990 मध्ये मंगोल भाषेत छापलेल्या नव्या करारात ‘येर्तोन्त्सीन एझेन’, म्हणजे विश्वाचा स्वामी, असा शब्दप्रयोग होता. ‘बुर्खान’ हा रूढ शब्द बुद्धासाठी आणि देवमूर्तींसाठीही वापरला जातो, म्हणून तो टाळण्यात आला होता. पुढे दुसऱ्या भाषांतरकारांनी ‘बुर्खान’च स्वीकारला आणि 2000 साली संपूर्ण बायबल त्याच शब्दासह प्रसिद्ध झाले. ‘बुर्खान’च्या विरोधकांची भीती निराधार नव्हती. नवा विश्वासणारा जुन्याच दैवताची कल्पना मनात धरून प्रार्थना करील, असे त्यांना वाटत होते. परंतु ‘एझेन’ हा शब्दही डोंगर-पाण्याच्या रक्षक आत्म्यांसाठी वापरात आहेच, आणि संकटात सापडलेला सामान्य मंगोल माणूस धावा करतो तो ‘बुर्खान’चाच. प्रार्थना ओठांवर आपसूक यायला हवी, हे लक्षात घेता 2000 चा निर्णय अधिक योग्य वाटतो. तरीही बहुसंख्य मंडळ्या ‘बुर्खान’ म्हणत असताना काही जण जुन्या शब्दाला धरून राहिले आणि एकत्र प्रार्थनेच्या वेळी ही फूट जाणवत राहिली.

कॅथलिकांचे पुनरागमन 1992 मधले. दारखान शहरात एका गरीब स्त्रीला कचऱ्यात मरियेची लाकडी मूर्ती सापडली होती. ती पुढे राजधानी उलानबातरच्या गेरसारख्या (मंगोल भटक्यांच्या गोल तंबूसारख्या) महामंदिरात ठेवण्यात आली आणि 8 डिसेंबर 2022 रोजी तिच्यासमोर मंगोलिया देश मरियेला समर्पित करण्यात आला. सप्टेंबर 2023 मध्ये पोप प्रथमच या देशात आले, तेव्हा तेथील कॅथलिकांची संख्या जेमतेम दीड हजार होती. 2010 च्या जनगणनेत 2 टक्क्यांहून थोडे अधिक असलेले ख्रिस्ती 2020 मध्ये 1.3 टक्क्यांवर आले, आणि म्हणूनच मंडळ्यांच्या मध्यस्थीत आज नव्या विश्वासणाऱ्यांइतकेच दूर गेलेल्यांनाही स्थान आहे.